कॅम्पर व्हॅन : आधी खालचं बघा, मग आतलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस उघडला आणि सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, सोनकी फुलली, की कोल्हापुरातून पश्चिमेकडं निघणाऱ्या गाड्यांत अलीकडं एक वेगळी गाडी हमखास दिसते. शाळेच्या नाहीतर टूरच्या कामातून सुटलेली टेम्पो ट्रॅव्हलर, कुणाची तरी जपून ठेवलेली मॅटाडोर, नाहीतर साधी ओम्नी. आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, टपावर सोलर आणि मुक्काम गगनबावडा, दाजीपूर, आंबा नाहीतर चंदगडच्या पलीकडं तिलारी. २०२१ साली राज्य सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून ही हौस वाढली आहे. ती वाढावी असंच आम्हाला वाटतं. लॉजच्या खोलीत बसून कळत नाही तो डोंगर अशा गाडीच्या दारात बसून कळतो.

पण या गाड्या आमच्याकडं दुरुस्तीच्या कामाला येतात तेव्हा एक गोष्ट सारखी दिसते आणि तिच्यासाठी हे पत्र आहे. खर्चाचा क्रम उलटा लागलेला असतो. सनमायका, गादी, छताचे दिवे, इन्व्हर्टर, टीव्ही यात दोन-तीन लाख गेलेले असतात. ब्रेकचे रबरी पाईप मात्र गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचेच! डांबरी रस्त्यावर हे खपून जातं. डांबर संपून दगडमातीची वाट सुरू झाली, की आतल्या गादीचा उपयोग शून्य आणि खालच्या प्रत्येक नटाची परीक्षा.

जुनी गाडी या कामाला वाईट आहे असं मुळीच नाही. ट्रॅव्हलरमधलं मर्सिडीजच्या ओएम ६१६ वर आधारलेलं २.४ लिटरचं जुनं डिझेल इंजिन घ्या. त्याला डिझेल देणारा पंप यांत्रिक आहे, संगणक नाही की सेन्सर नाहीत. बॅटरी बसली तर चार जणांनी ढकलून चालू होतं. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली, तर फिल्टरवरचा हवा काढायचा ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. तेवढ्यानं उठली नाही तर इंजेक्टरच्या पाईपांचे नट एकेक करून सैल करायचे, स्टार्टर मारून डिझेल आलं की आवळायचे. पाटगावच्या जंगलात हे दोन पान्यांवर होतं. संगणकावर डिझेल सोडणाऱ्या नव्या कॉमन रेल गाडीला त्याच जागी टोईंग लागेल. म्हणून इंजिन जुनं असणं हा गुण आहे. दोष असतो तो जुन्या रबरात, जुन्या पत्र्यात आणि नव्यानं चढवलेल्या वजनात.

वजनाबद्दल नीट बोललं पाहिजे, कारण त्यात एक गैरसमज आहे. लोक म्हणतात, तेरा सीट काढल्या, तेरा माणसं कमी झाली, आता काय हवं ते भरा. एकूण आकड्यात हे बऱ्याचदा खरंही असतं. एका सीटचे पंधरा-वीस किलो आणि माणसाचे पासष्ट धरले तर हजार किलो मोकळे होतात. पण माणसं गाडीभर सारखी बसतात, कपाटं तशी बसत नाहीत. १९ मिलिमीटर जाडीच्या प्लायची एक पूर्ण शीट ३७ ते ४० किलो भरते. अशा सहा शीटांचं फर्निचर म्हणजे सव्वादोनशे किलो झाले. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. १५० अँपिअर-अवरची ट्यूबलर बॅटरी पंचावन्नच्या आसपास. घरचा भरलेला गॅस सिलिंडर ३० किलो. हे सगळं सोयीसाठी एकाच बाजूला आणि मागच्या चाकांच्याही मागं जातं, कारण पुढं पलंग हवा असतो.

साधा हिशेब करून बघा. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे आणि १०० किलोची पाण्याची टाकी मागच्या एक्सलच्या १ मीटर मागं बसवली. मागच्या एक्सलवर १०० नव्हे, १३३ किलो पडतात आणि पुढून ३३ उचलले जातात. टाकी, बॅटरी, सिलिंडर आणि दोन स्टेपन्या मागं लावल्या की पुढची चाकं इतकी हलकी होतात, की चढावर सुकाणू ऐकत नाही आणि उतारावर पुढचे ब्रेक लवकर जाम होतात. मालक म्हणतो स्टिअरिंग बॉक्स गेला. बॉक्स ठीक असतो, टाकीची जागा चुकलेली असते. पाणी आणि बॅटरी दोन्ही एक्सलच्या मध्ये, जमिनीला जितकं जवळ नेता येईल तितकं न्यावं. टाकी अर्धी असताना पाणी हिंदकळतं, म्हणून ६० लिटरच्या वरच्या टाकीला आत पडदे हवेत. प्लाय कपाटांच्या दारांना ९ आणि चौकटीला १२ मिलिमीटर पुरतो, जाड घेतला म्हणून मजबुती वाढत नाही. फर्निचर पत्र्याला स्क्रूनं नको, फरशीतून आरपार बोल्ट आणि खाली मोठा वायसर हवा. जोरात ब्रेक लागल्यावर सुटलेलं कपाट थेट ड्रायव्हरच्या पाठीवर येतं.

आपल्या जिल्ह्यात वजनकाट्यांना तोटा नाही. गाडी भरून, टाकी भरून, माणसांसकट काट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. त्यानंतर एक वजन असं करावं, जे कुणी करत नाही : डावी चाकं काट्यावर आणि उजवी बाहेर. काटा जमिनीच्या पातळीत असेल तर हे जमतं. डाव्या-उजव्यात १०० किलोपेक्षा जास्त फरक निघाला, तर ती गाडी तिरक्या वाटेवर नेऊ नये, आधी सामान हलवावं. एकूण वजन आरसीवरच्या कमाल वजनाच्या निदान दहा टक्के खाली असावं. कच्च्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा ते वजन क्षणभर दुप्पट करत असतो.

वजन वाढलं की पहिला सल्ला मिळतो, कमानपाट्यात एक पाटा वाढवा. गाडी उंच होते, बरं वाटतं. पण पाटा वाढवून एक्सलची, बेअरिंगची नि ब्रेकची ताकद वाढत नाही. जास्तीचा धक्का पाट्याऐवजी चासीच्या हँगरवर, म्हणजे पाटा टांगलेल्या कडीवर, जातो आणि तिथं तडा येतो. पाटे काढलेच आहेत तर शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीचे) बुश, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट आणि पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घालावेत. त्यानंतर ३०० किलोमीटरवर यू-बोल्ट पुन्हा आवळायचेच. ते सैल राहिले की सगळा मार सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो आणि एक्सल पाट्यावर मागं सरकतो. गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालते ती यामुळं. बुश कुठल्याही मापाचा उद्यमनगरात लेथवर काढून मिळतो. तेव्हा 'मिळाला नाही म्हणून जुनाच घातला' ही सबब कोल्हापुरात तरी चालू नये.

आता ब्रेक. पत्रातला बाकी सगळा मजकूर कापायचा झाला तरी हा भाग ठेवावा, अशी आपल्याला विनंती आहे.

आपल्याकडचं भटकणं म्हणजे घाट उतरणं. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा, अणुस्कुरा, कुठूनही कोकणात उतरा. ३ टनांची गाडी ५०० मीटर उंची खाली आली, की जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात ४० ते ४५ लिटर गार पाणी उकळीला येईल. ही उष्णता इंजिननं रोखली नाही तर सगळी चार चाकांच्या ब्रेक लायनरमध्ये जाते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणं म्हणजे ती सगळी ब्रेकवर टाकणं. जो घाट चढताना तिसरा गिअर लागतो, तो उतरताना दुसऱ्यात उतरावा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. वेग वाढला की दोन-तीन सेकंद ठाम दाबावा, वेग उतरला की पूर्ण सोडावा, म्हणजे ड्रमला श्वास मिळतो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्या पश्चिम भागात पावसाळाभर हवेत पाण्याशिवाय काय असतं! डॉट ३ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश असतो. पाणी मुरलेल्या ऑइलचा १४० अंशांपर्यंत उतरलेला असतो. घाटात चाकाजवळचं ऑइल तेवढं तापलं की आत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट फरशीला टेकतं. घाटाखाली उतरून तासभर थांबल्यावर तेच पेडल पुन्हा घट्ट लागतं, म्हणून मालक म्हणतो काही नव्हतं, भास झाला. तो भास नव्हता. दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलावं, नुसतं वर भरू नये. बूच उघडल्यावर ऑइल चहासारखं दिसलं तर दोन वर्षंही थांबू नये. सोबत व्हील सिलिंडरचे किट आणि तिन्ही-चारी रबरी पाईप नवे. रबरी पाईप बाहेरून चांगला दिसतो आणि आतून सुजलेला असतो. सुजलेला पाईप दाब जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, त्यामुळं ते एक चाक कायम घासत राहतं. वीस किलोमीटर चालवून चारही चाकांच्या मधोमध हाताचा पंजा जवळ नेऊन बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त गरम लागलं तर दोष तिथं आहे.

बुस्टर म्हणजे व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा काढून घेतलेल्या पोकळीच्या, जोरावर ब्रेकचं पेडल हलकं करणारा डबा. त्याबद्दल एक गोष्ट प्रत्येक चालवणाऱ्याला माहीत हवी. डिझेल इंजिन स्वतः व्हॅक्यूम तयार करत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो आणि अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला असतो. अशा गाडीचा फॅन बेल्ट तुटला की चार्जिंग बंद, पाण्याचा पंप बंद आणि ब्रेकचा बुस्टरही बंद. बुस्टरच्या डब्यात दोन-तीन वेळा दाबण्यापुरतं व्हॅक्यूम उरतं, मग पेडल दगडासारखं लागतं. म्हणून घाटात चार्जिंगचा लाल दिवा लागला तर तो ब्रेकचाच दिवा समजावा आणि पहिल्या सुरक्षित जागी डोंगराच्या बाजूला गाडी घ्यावी. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, बिडाचा ड्रम तडकतो. हँडब्रेकही ओढून ठेवू नये, ड्रम निवताना आकसतो आणि लायनर आत आवळून बसतात. चाकाखाली लाकडी ठोकळे लावून अर्धा तास थांबावं.

इंजिनला थंडावा ठेवण्याच्या बाबतीत आपल्या मिस्त्री मंडळींना एक आग्रहाची विनंती आहे. गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकायची सवय सोडावी. काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की बायपासची वाट सतत उघडी राहते, पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. रेडिएटर काढून आतून साफ करावा, बाहेरच्या जाळीतली माती मागून पुढं पाणी मारून काढावी, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरावं. रेडिएटरचं झाकण साधी वस्तू वाटते, पण त्याची स्प्रिंग ०.९ बार दाब धरते म्हणून आतलं पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग मेली की १०० लाच उकळायला लागतं. शे-दोनशे रुपयांच्या त्या झाकणापायी हेड गॅस्केट गेलेली उदाहरणं शहरात कमी नाहीत.

टायरचं वय त्याच्या अंगावर चार आकड्यांत लिहिलेलं असतं. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांवरचा टायर घेऊन जांभ्यावर जाऊ नये. जांभा दगड वरून गोल आणि तुटल्या कडेला सुरीसारखा असतो, तो टायरची बाजू कापतो आणि बाजूच्या कापाला पंक्चर किट चालत नाही. हवा थोडी कमी केली की टायर दगडावर लपेटून बसतो. डांबरावर मागच्या चाकांत ५५ पीएसआय हवा ठेवत असाल तर खडकाळ वाटेवर ४० ते ४२ ठीक. भरलेल्या व्हॅनला त्याखाली नेऊ नये आणि वेग ताशी ३० च्या आत. डांबर लागलं की आधी हवा भरायची, मग निघायचं. कमी हवेचा टायर वेगात आतून जळतो. हवा भरायचा पंप लायटरच्या खोबणीत लावला तर फ्यूज उडू शकतो. चिमट्यांनी थेट बॅटरीला, इंजिन चालू ठेवून. मागं जोडचाकं असतील तर थांबाल तिथं मधल्या फटीत बघावं, अडकलेला दगड दोन्ही टायर एकदम खातो.

जमीन ओळखण्याबाबत आपल्या शेतकऱ्यांइतकं कुणाला कळत नाही, आणि त्यांचाच शब्द इथं लागू पडतो : वाफसा, म्हणजे जादा ओल उतरून माती मशागतीजोगी होणं. वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाहीत, तशी गाडीही घालू नये. शिरोळ-हातकणंगल्याची काळी माती ओली असली की चाकाच्या कमानीत गच्च भरते, चाक फिरायचंच थांबतं. तिथं वेगानं काढून नेऊ म्हणणारा आणखी आत रुततो. पश्चिमेची तांबडी माती वेगळी. वर बोटभर निसरडी आणि खाली कठीण, त्यामुळं चाक फिरत राहिलं तरी बऱ्याचदा खालचं कठीण सापडतं. पण उताराला हीच माती गाडी आडवी सरकवते. सकाळी ऊन पडून दोन तास होईपर्यंत थांबलं तर निम्म्या अडचणी सुटतात.

रुतलीच तर. बहुतेक व्हॅनमध्ये जोर एका जोडीच्या चाकांना असतो आणि त्यातलंही जे चाक मोकळं, ते गरगर फिरतं, दुसरं उभं राहतं. जोर मागच्या चाकांना आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांवर असेल, तर हँडब्रेक दोन-तीन खाचा ओढून हलकेच क्लच सोडला की फिरणाऱ्या चाकाला अडथळा होतो आणि थोडा जोर दुसऱ्याकडं जातो. हे दहा-पंधरा सेकंद करायचं, जास्त नाही. हाफ क्लचवर गाडी हलवत बसू नये, जळक्या क्लचचा वास आला तेव्हा परतीची आशा निम्मी संपलेली असते. चाकापुढची माती फावड्यानं उतरती काढून त्यात ओली बारदानं घालावीत. उसाचं पाचट घालायचा मोह होतो, कारण ते बांधावर फुकट पडलेलं असतं. पाचट चाकाखालून उडून तापलेल्या सायलेन्सरला लागतं आणि पेटतं. वाळल्या गवतात गाडी उभी करतानाही हीच काळजी. जॅक ५ टनांचा बॉटल जॅक असावा आणि त्याखाली ठेवायला फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लायचा तुकडा, नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅक खाली जातो.

ट्रॅक्टर आपल्याकडं कुठंही मिळतो आणि ट्रॅक्टरवाला कधी नाही म्हणत नाही. पण साखळी बंपरला, शॅकलला किंवा एक्सलच्या रॉडला बांधू नये. चासीला बोल्टनं बसवलेला हूक पुढं-मागं एकेक आधीच करून ठेवावा. झटका द्यायचा नाही, साखळी ताणली गेली की सावकाश ओढायचं. साखळीवर मधोमध ओलं पोतं टाकावं आणि साखळीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहू नये. तुटलेली साखळी पोत्यामुळं खाली पडते, नाहीतर हवेतून येते.

ओढे आणि बंधारे. पाण्यात आधी माणूस उतरतो, मग गाडी, आणि माणसाला उभं राहता येत नसेल तर गाडीनं जायचं नाही. थांबलेलं पाणी अर्ध्या चाकापर्यंत चालेल. वाहतं पाणी त्याहून पुष्कळ कमी. कारण असं : ५ मीटर लांब, १.९ मीटर रुंद गाडीच्या तळाला पाणी लागलं, की त्यावरचं प्रत्येक १० सेंटीमीटर पाणी गाडीचं सुमारे ९५० किलो वजन उचलून धरतं, आतमध्ये पाणी शिरेपर्यंत. तीस सेंटीमीटरला ३ टनांची गाडी जवळजवळ तरंगते आणि मग तिला ढकलायला पंचगंगेचा पूर लागत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी जात असेल तर गाडी काठावरच ठेवावी. कठडा नाही, कड दिसत नाही, आणि पाणी कडेला ओढत असतं. पावसाळ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असले तरी पूर आला की माथ्यावरून पाणी जातंच.

साध्या ओढ्यातसुद्धा दोन गोष्टी बिघडतात. तापलेला मागचा एक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. एक्सलवर हवा आत-बाहेर जायचा छोटा ब्रीदर असतो, तो बहुतेक गाड्यांत मातीनं बुजलेला मिळतो. तो साफ करून त्याला रबरी नळी लावून बॉडीत उंच नेली की हा प्रश्न संपला. खर्च शंभर रुपये. घरी आल्यावर डिफरन्शियलचं (मागच्या एक्सलमधल्या गिअरपेटीचं) तेल थेंबभर काढून बघावं, दुधाळ असलं तर त्याच आठवड्यात बदलावं. दुसरी गोष्ट एअर फिल्टरचं तोंड. ते बंपरच्या पातळीला असेल तर इंजिन पाणी पितं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेलं डिझेल इंजिन पुन्हा स्टार्टर मारून बघू नये. इंजेक्टर काढून, मोकळं फिरवून पाणी बाहेर टाकल्याशिवाय नाही. ओढ्यातून बाहेर आल्यावर शंभर-दोनशे मीटर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवावं, ड्रम वाळतात.

गंजाबद्दल थोडक्यात. हातोडीनं चासी नि फरशी वाजवत जावं, टणटण वाजलं ठीक, ढबढब वाजलं तर तिथं पत्रा कापून नवा घालायचा, वर पुट्टी नको. आतून उष्णता रोखायला काचलोकर भरू नये, ती गगनबावड्याच्या एका पावसाळ्यात ओली होते आणि पत्र्याला आतून चिकटून राहते. पाणी न पिणारा नायट्राइल रबराचा फोम घ्यावा. वेल्डिंग करताना बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवून ठेवाव्यात.

विजेचं काम बहुतेक जण चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतात, तरी एक चूक राहते : फ्यूज बॅटरीपासून लांब डॅशबोर्डखाली असतो. बॅटरीपासून वीतभरात हवा. १००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ९० ते १०० अँपिअर ओढतो, त्याला घरगुती वायर म्हणजे शेगडीची कॉइल.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि तळाला बाहेर उघडणारी दोन भोकं असलेला असावा. ५ किलोचा छोटा सिलिंडर दोन जणांना आठवडाभर पुरतो. शेगडी पेटवून, दारं-खिडक्या लावून थंडीत ऊब घेत झोपू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि मागचं दार आतून उघडतं का, हे आजच बघा. अनेक व्हॅनमध्ये ते बाहेरूनच उघडतं आणि आपत्कालीन खिडकीपुढं कपाट आलेलं असतं. पुढं आग लागली तर आत झोपलेल्यांनी जायचं कुठून? आतून उघडणारी कडी वेल्डरकडं तासाभराचं काम आहे. २ किलोची दोन अग्निशामक नळकांडी, एक ड्रायव्हरजवळ आणि एक मागच्या दाराशी.

सोबत न्यायच्या वस्तू फार नाहीत : दोन फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, तांब्याचे वायसर, रेडिएटरचे वरचे-खालचे होज आणि क्लिपा, ५ लिटर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा, क्लच सिलिंडरचा किट, पुढच्या चाकाची एक बेअरिंग आणि ग्रीस, फ्यूज, बारीक तार. बेल्ट नुसता बाळगू नका. एकदा घरासमोर स्वतः बदलून बघा, म्हणजे कुठला पाना लागतो ते कळेल.

आता जायचं कुठं, याबद्दल. कच्ची वाट म्हणजे गावाची, धरणाची, शेतीची असलेली वाट. सडा म्हणजे वाट नव्हे. मसाई पठारासारख्या सड्यावर जांभ्यावर बोटभर मातीत सीतेची आसवं, दवबिंदू अशी पावसाळी झाडं उगवतात. ओल्या सड्यावर एकदा चाक फिरलं की तो चर पुढची कित्येक वर्षं पाणी वाहून नेत राहतो आणि तिथली माती जाते. गाडी वाटेवर ठेवून सड्यावर चालत जावं. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, तिथं वन विभागाच्या परवानगीशिवाय आतल्या वाटेवर गाडी नेणं हा गुन्हा आहे. रात्री गवे रस्त्यावर येतात. दिवे खाली करून थांबावं, हॉर्न मारू नये, उतरून फोटो तर नकोच.

कागदपत्रांचं दुखणं अनेकांना उशिरा कळतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायला परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याची, गाडी घरगुती करायची तर ती नोंद वेगळी. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. विमा कंपनीला बदल कळवलेले नसतील तर अपघातानंतर दावा अडतो. आधी मंजुरी, मग सुतार.

आपल्या वृत्तपत्रामार्फत तीन मागण्या मांडतो. घाटमाथ्यावर उतार सुरू होण्याआधी 'खालचा गिअर टाका' असा मोठा मराठी फलक असावा आणि ब्रेक निववायला गाडी उभी करता येईल अशी रुंद जागा असावी. अशा गाड्यांच्या रात्रीच्या मुक्कामाला पश्चिमेकडच्या ग्रामपंचायतींनी फी घेऊन पाणी-शौचालयाची जागा नेमून द्यावी. त्यातून गावाला उत्पन्न होईल आणि गाड्या सड्यावर चढणार नाहीत. आणि परिवहन कार्यालयानं कॅम्पर बदलाच्या मंजुरीला नेमकी कोणती कागदपत्रं लागतात ती यादी मराठीत दारावर लावावी. ज्यांना गाडी घाटात न्यायच्या आधी एकदा खालून तपासून घ्यायची आहे, त्यांनी ती धुऊन आणावी. चिखलाखाली तडा दिसत नाही.

आपले,
जुन्या गाड्यांची दुरुस्ती व बांधणी करणारे काही वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर